कोठीची वही: सांगली-मिरजेतल्या मंडळ्यांच्या भागीदारीचं एक प्रकरण

मंडळ्यांनी, म्हणजे गावोगावच्या चर्चनी, एकत्र येऊन सेवा करावी, यावर आपल्याकडे भाषणं भरपूर होतात. योहानाच्या सतराव्या अध्यायावर, येशूनं शिष्यांच्या एकीसाठी केलेल्या प्रार्थनेवर, उपदेश होतो, सगळे आमेन म्हणतात, जेवण होतं आणि लोक घरी जातात. भागीदारी पुढे अडते ती फार साध्या जागी. माल ठेवलेल्या खोलीची किल्ली कुणाकडे आणि वही कोण लिहिणार? इथं मांडलेलं प्रकरण याच दोन गोष्टींचं आहे. सेवकांच्या प्रशिक्षणवर्गात मी ते चर्चेला ठेवतो. मंडळ्यांची आणि माणसांची नावं मुद्दाम गाळली आहेत.

आधी थोडी मागची हकिगत, कारण तिच्याशिवाय पुढचे रुसवेफुगवे कळणार नाहीत. मिशनांच्या काळात पश्चिम महाराष्ट्राची वाटणी झालेली होती. अहमदनगर, सोलापूर, सातारा हा टापू अमेरिकन मराठी मिशनचा, तर कोल्हापूर, सांगली, मिरज इकडे अमेरिकन प्रेस्बिटेरियनांचा. एकानं दुसऱ्याच्या हद्दीत शिरायचं नाही, असा समझोता होता. भांडणं टाळायला तो चांगलाच होता. पण शेजारी कोण आहे हे कळून घेण्याची गरजही त्यानं संपवली. मिरजेत डॉ. वानलेस यांचं हॉस्पिटल १८९४ मध्ये उभं राहिलं आणि त्याच्या आसऱ्यानं ख्रिस्ती वस्ती वाढली. आजी नर्स, मुलगा कंपाउंडर, नात लॅब टेक्निशियन, अशी घरं मिरजेत आजही सापडतात. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्च एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. कागदावरची एकी खालपर्यंत किती झिरपली, याचं उत्तर प्रत्येक गावात वेगळं मिळेल. नंतरच्या दशकांत स्वतंत्र फेलोशिप, म्हणजे जुन्या चर्चांशी न जोडलेल्या छोट्या मंडळ्या, आल्या. कुणी कुपवाडच्या एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात, कुणी नदीकाठच्या गावात पत्र्याच्या शेडमध्ये. जुन्या मंडळीचे लोक त्यांना ‘टाळ्यावाले’ म्हणू लागले, ते जुन्यांना ‘नावाचे ख्रिस्ती’ म्हणू लागले. पण खरं दुखणं उपासनेच्या पद्धतीत नव्हतं. सकाळी जुन्या मंडळीत बसणारी तरुण कुटुंबं संध्याकाळी फेलोशिपला जाऊ लागली होती. त्याला पाळकांच्या (पास्टरांच्या) भाषेत मेंढरं पळवणं म्हणतात, आणि हा राग पुरातसुद्धा वाहून जात नाही.

ऑगस्ट २०१९ चा पूर सांगलीकरांनी २००५ च्या मापानं मोजायला घेतला आणि तिथंच घात झाला. मागच्या वेळी पायरीपर्यंत आलं होतं, या वेळी फार तर तेवढंच येईल, म्हणून लोक घरातच थांबले. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. मिरज उंचावर, त्यामुळे माणसं आणि मदत दोन्ही मिरजेकडे लोटली.

पहिल्या आठवड्यात प्रत्येक मंडळी आपापली धावली. यात चुकलं काहीच नाही, तेव्हा धावायलाच हवं होतं. पण पाणी ओसरल्यावर चित्र दिसू लागलं. जिथं टेम्पो सहज जातो अशा कॉलनीत एकेका घरात तीन-तीन किट, आणि नदीकाठी जिथं रस्त्यावर गुडघाभर गाळ, तिथं काहीच नाही. (हे फक्त मंडळ्यांचं नव्हतं. राज्यभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग त्या दिवसांत चौकाचौकात पडले होते. दानशूरपणा आणि डोकं दर वेळी एकत्र येत नाहीत.)

तेव्हा पाच ठिकाणच्या लोकांची पहिली बैठक झाली: मिरजेतली जुनी मंडळी, सांगली शहरातली मंडळी, कुपवाडची फेलोशिप, नदीकाठच्या एका गावातली छोटी फेलोशिप आणि छोटा दवाखाना चालवणाऱ्या कॅथलिक सिस्टर्स. बोलावलं होतं एका निवृत्त मेट्रनबाईंनी. त्यांना कुठलंही पद नव्हतं. पण त्यांच्या हाताखाली शिकलेल्या नर्सा या पाचही ठिकाणी होत्या, त्यामुळे त्यांच्या फोनला नाही म्हणणं कुणाला जमलं नाही. सगळे त्यांना नुसतं बाई म्हणतात, मीही तेच म्हणतो.

बैठकीची सुरुवात नेहमीसारखीच झाली. गटाला नाव काय द्यायचं, बॅनरवर कुणाचं नाव वर, सामंजस्य करार कोण लिहिणार, सुरुवातीची प्रार्थना कुणी करायची आणि शेवटची कुणी. वर्णानुक्रमे नावं लावा, असंही एकानं सुचवलं; त्यात ज्यांचं नाव खाली जात होतं त्यांना ते पटलं नाही. चहा दोनदा झाला. मग बाईंनी एका वहीची पानं फाडून सगळ्यांना वाटली आणि सांगितलं, “एका बाजूला लिहा तुमच्याकडे काय आहे. पाठीमागे लिहा काय नाही. खोटं लिहू नका, मला सगळं माहीत आहे.”

ती पानं मी पाहिली आहेत. जुन्या मंडळीनं लिहिलं होतं: हॉल आहे, कोठी आहे, बोअर आहे, नोंदलेला ट्रस्ट आणि बँकेचं खातं आहे. मागे: तरुण पोरं नाहीत, सगळी पुण्याला. शहरातल्या मंडळीकडे गल्लीबोळांची माहिती होती, पण त्यांची स्वतःचीच निम्मी घरं चिखलात होती. कुपवाडवाल्यांकडे पोरं होती, कारखान्यातल्या ओळखीनं मिळणारे दोन टेम्पो होते, पैसा नव्हता. सिस्टर्सकडे औषधं होती, डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिकसुद्धा. पुरानंतर चिखलात उघड्या पायानं फिरणाऱ्यांना लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो, हे बाकीच्यांच्या यादीत आलंच नव्हतं. मागे त्यांनी प्रांजळपणे लिहिलं होतं की संयुक्त उपासनेला बसायचं तर वरिष्ठांना विचारावं लागेल. गावातल्या फेलोशिपच्या पास्टरांनी एकच ओळ लिहिली होती: “कोण कुठं राहतं ते ठाऊक हाय.” मागे: “बाकी काही न्हाई.”

सामंजस्य करार त्या दिवशी झाला नाही, पुढेही कधी झाला नाही. नाव पडलं नाही, बॅनर झाला नाही. ठरलं ते एवढंच: सांगलीच्या पश्चिमेकडची नदीकाठची ठरावीक गावं, दिवाळीपर्यंत, आणि फक्त धान्य, सफाईचं सामान आणि औषध. नहेम्याच्या तिसऱ्या अध्यायात यरुशलेमेचा कोट बांधताना बरेच लोक आपापल्या घरासमोरचा भाग बांधतात, हे आपण वाचलेलं असतं. तसंच इथंही झालं. प्रत्येकानं आपल्या समोरचं उचललं. सगळ्यांनी सगळं करायचं, असं ठरवणारे गट मी बरेच पाहिले. त्यांचा पहिला वाढदिवस होत नाही.

इथपर्यंत सगळं गोड आहे. प्रकरण सुरू होतं ते तिसऱ्या वाटपानंतर.

गावातले पास्टर (स्वतः दुसऱ्याच्या रानात मजुरीला जाणारा माणूस) बैठकीत उभे राहिले आणि म्हणाले की याद्या बरोबर नाहीत. पहिली नावं सगळी मंडळीतली आहेत, आणि भाड्यानं राहणाऱ्या हमालांच्या, एकट्या बायकांच्या घरात काही पोचलेलं नाही. हॉलमध्ये शांतता पसरली. जुन्या मंडळीचे एक वडील (मंडळीचा कारभार पाहणारे ज्येष्ठ) लाल झाले. “आम्ही काय आमच्याच घरात वाटतोय का?”

खरं तर दोघंही खोटं बोलत नव्हते. यादी करणाऱ्याच्या हाताशी जे रजिस्टर होतं त्यावरून त्यानं यादी केली होती आणि ते रजिस्टर मंडळीचं होतं. पंचनाम्यातही भाडेकरू असेच मागे पडतात. घर मालकाच्या नावावर, रेशनकार्ड गावाकडचं, मग नाव लागणार कुठं? कुणाचा हेतू वाईट नव्हता. पण उपाशी राहिलेल्याला हेतूशी काय करायचं?

अशा वेळी नेत्याचा पहिला मोह असतो समजूत घालण्याचा. दुसरा मोह चौकशी समिती नेमण्याचा. बाईंनी दोन्ही केलं नाही. त्यांनी जुन्या मंडळीच्या पाळकसाहेबांना बाजूला घेतलं आणि विचारलं, कोठीची वही गावाकडच्या लोकांकडे देऊ का? पाळकसाहेब गप्प राहिले. बाईंनी ते होकारार्थी घेतलं आणि आत येऊन जाहीर केलं की उद्यापासून वही गावातल्या फेलोशिपच्या दोन बायका लिहितील. दाराला दोन कुलपं लागतील, एक किल्ली मंडळीकडे, दुसरी त्यांच्याकडे.

“आमची कोठी, आमचं दान, आणि किल्ली त्यांच्याकडे?” हा प्रश्न त्या रात्री कमिटीत विचारला गेला आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. धर्मादाय कार्यालयाला हिशेब देणार होती ती जुन्या मंडळीची ट्रस्ट. उद्या काही कमी-जास्त झालं तर सही त्यांच्या सेक्रेटरीची होती. गावातल्या पास्टरांनीच तोडगा काढला. “आवो, किल्ल्या दोन्ही तुमच्याकडंच ठिवा की. वही तेवढी आमच्याकडं द्या.” शेवटी दोन किल्ल्यांचाच निर्णय राहिला, पण त्यांच्या या बोलण्यानं हवा बदलली.

बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय. ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांची तक्रार येते की रोजच्या वाटपात आमच्या विधवांना डावललं जातं. प्रेषित तक्रार खरी की खोटी याचा निवाडा करत बसत नाहीत. ते सात माणसं निवडायला सांगतात. निवडलेल्यांची नावं वाचा: स्तेफन, फिलिप्प आणि पुढचे पाच, सगळी ग्रीक. ज्या बाजूनं तक्रार आली, त्या बाजूच्याच हाती वाटप गेलं. या अध्यायावर दीकनांच्या (मंडळीतल्या सेवाकार्याच्या कारभाऱ्यांच्या) निवडीचा उपदेश आपण दर वर्षी ऐकतो. त्यातली ही बाजू मात्र फारशी कुणी सांगत नाही. ज्याचा संशय आहे, त्यालाच मोजायला बसवा.

आता त्या वहीविषयी. साधी लाँगबुक, दोनशे पानी. रकाने बाईंनी स्वतः पट्टीनं आखून दिले: तारीख, काय आलं, कुणाकडून, काय गेलं, कुठल्या घरी, घेणाऱ्याची सही किंवा अंगठा, संध्याकाळची शिल्लक. लिहिणाऱ्या दोघींपैकी एकीचं शिक्षण सातवीपर्यंत झालेलं, दुसरी बचत गटाची अध्यक्ष. हिशेबात बचत गटाची बाई कुणाला ऐकत नसते. दुसऱ्याच संध्याकाळी तेलाच्या पिशव्या मोजल्या तर चार कमी भरल्या. तिनं लाल पेननं लिहिलं, “तेल ४ कमी.” मंडळीच्या वडिलांना हा अपमान वाटला, खोडा म्हणाले. तिनं खोडलं नाही. दुसऱ्या दिवशी कळलं की स्वयंसेवकांच्या जेवणासाठी मंडळीच्याच स्वयंपाकघरात पिशव्या नेल्या होत्या, नोंद राहिली होती. त्या लाल ओळीखाली निळ्यानं लिहिलं गेलं, “स्वयंपाकाला, मिळाले,” आणि खाली त्याच वडिलांची सही. पुढे गावातल्या फेलोशिपच्या तरुणांनी न विचारता ताडपत्री नेली, तेव्हाही त्याच बाईनं तसंच लाल लिहिलं. आपल्या माणसांबद्दलही ती तेच लिहिते, हे सगळ्यांनी पाहिलं. त्यानंतर यादीबद्दल कुणी तोंड उघडल्याचं मला कुणी सांगितलं नाही.

प्रेषित पौलसुद्धा यरुशलेमेच्या गरिबांसाठी गोळा केलेली वर्गणी एकटा नेत नाही. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात तो मंडळ्यांनी नेमलेला माणूस बरोबर घेतो आणि कारणही उघड सांगतो: या दानाबाबत कुणी बोट दाखवू नये. ज्याच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घ्यायची वेळ आली नसती, त्याला हे करावंसं वाटलं, ही गोष्ट आमच्या बऱ्याच संस्थाप्रमुखांनी जरा सावकाश वाचावी.

पत्रकं आणि स्टिकर यांचाही वाद झाला, तो थोडक्यात सांगतो. कुपवाडवाल्यांना किटमध्ये सुवार्तेचं पत्रक घालायचं होतं. जुन्या मंडळीला ते लाजिरवाणं वाटलं, पण पिशवीवर मंडळीच्या नावाचा स्टिकर मात्र हवा होता. बाईंनी दोन्ही काढायला लावले. मदतकार्य करणाऱ्या संस्थांची १९९४ ची आचारसंहिता आहे, रेडक्रॉस आणि इतर संस्थांनी मिळून केलेली. तिच्यावर जागतिक चर्च परिषद आणि कॅरिटास यांचीही मोहोर आहे. मदत धर्म पाहून द्यायची नाही आणि धर्माचा प्रचार म्हणूनही द्यायची नाही, असं ती सांगते. माझ्या मते पत्रक आणि स्टिकर यांत फार अंतर नव्हतं. दोन्ही घेणाऱ्याच्या घरात आपली पाटी लावण्याचेच प्रकार. कुणी आपणहून प्रार्थनेला सांगितलं तर प्रार्थना करायची, एवढी मोकळीक ठेवली. ती पुष्कळदा वापरली गेली.

खरी ओढाताण पुढच्या वर्षी झाली आणि ती पैशाची. पुराच्या वेळी जुन्या मंडळीच्या ट्रस्टकडे परदेशातूनही थोडा निधी आला होता. परदेशी देणगीची नोंदणी गटात फक्त त्यांच्याकडे होती. बाकीच्यांचा हिशेब असा की हळूहळू आपणही नोंदणी करू आणि मग आपला वाटा आपल्याकडे येईल. सप्टेंबर २०२० मध्ये कायदा बदलला. परदेशी निधी एका संस्थेनं दुसरीला द्यायचा नाही, दुसरीची नोंदणी असली तरी नाही. पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यायचा. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. कायद्याच्या गुणदोषांचा विचार इथं नको. भागीदारीवर त्याचा परिणाम असा झाला की काल जो बरोबरीचा होता तो एका सहीनं मालक झाला आणि बाकीचे त्याचे स्वयंसेवक. कुणी मागितलं नव्हतं, पण झालं. कुपवाडची फेलोशिप तेव्हा बाहेर पडली. त्यांचे पास्टर मला म्हणाले, “आम्ही काय फक्त टेम्पो आणायचा?” त्यांचा राग मला समजतो.

उरलेल्यांनी काढलेली वाट अशी. परदेशी पैशाच्या कामात हात घालायचा नाही; ते काम त्या ट्रस्टनं तिच्या नावानं, तिच्या हिशेबानं करावं. गटाचं काम फक्त इथल्या दानावर. हंगामाच्या सणाला मंडळीत नारळ, कोंबड्या, गुळाच्या ढेपा यांचा लिलाव होतो; त्यातला एक हिस्सा प्रत्येकानं द्यायचा. रक्कम लहान. पण लहान रकमेत एक गुण असतो, ती कुणालाच मालक करत नाही. या दोन प्रकारच्या पैशांची खाती वेगळी ठेवणं कायद्यानंही बंधनकारकच होतं.

जुलै २०२१ मध्ये कृष्णा पुन्हा चढली. या वेळी याद्या तयार होत्या, भाडेकरूंसह. पाणी चढायच्या आधीच जुन्या मंडळीचा हॉल उघडला. कुपवाडची पोरं न बोलावता टेम्पो घेऊन आली. गटात परत मात्र आली नाहीत, अजूनही नाहीत.

बाईंनी त्यानंतर काम सोडलं. वय झालं होतं, आणि सगळं एकट्यावर उभं राहू नये, हेही बहुधा त्यांना कळलं होतं. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला होता, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ. १९१९ मध्ये टिळक गेले आणि त्यांच्यामागे तो फार काळ उभा राहिला नाही. एकाच माणसाच्या खांद्यावरची कामं अशीच बसतात. बाईंच्या जागी शहरातल्या मंडळीचे पाळक आले. चांगला माणूस, पण प्रत्येक बैठक तासाभराच्या उपदेशानं सुरू होऊ लागली. सिस्टर्स यायच्या बंद झाल्या. गावातल्या दोघी आल्या तरी मागच्या बाकावर बसू लागल्या. वर्षभरानं गटानं ठरवलं की निमंत्रक पाळक नसावा. आता ते काम वही लिहिणाऱ्या बचत गटाच्या बाई करतात.

वर्गात हे प्रकरण ठेवलं की बाईंचं कौतुक होतं. मला त्यात थोडी भर घालावीशी वाटते. बाईंनी कमिटीला न विचारता निर्णय जाहीर केला. ते कामाच्या पद्धतीला धरून नव्हतं. तो टिकला, कारण ते पाळकसाहेब गप्प राहिले आणि नंतर कमिटीत एकटे बोलणी खात बसले. त्यांची पुढची बदली त्यांना नको होती तिथं झाली. त्याचा याच्याशी संबंध होता की नाही हे कुणी सिद्ध करू शकणार नाही. बोलावणारा एक लागतो, आणि ज्याच्याकडे खरोखर ताकद आहे असा सोडणारा दुसरा. प्रशिक्षणवर्ग पहिल्यासाठी असतात. दुसऱ्यासाठी काहीच नाही.

सध्या गटापुढे प्रश्न आहे तो स्वतःची नोंदणी करण्याचा, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली. बाजूनं बोलणारे म्हणतात की नोंदणीशिवाय लोकांकडून निधी गोळा करणं अडचणीचं आहे, आणि जुन्या मंडळीच्या खात्यावर किती दिवस विसंबायचं? विरोधकांचं म्हणणं असं की ट्रस्ट झाली की विश्वस्त आले, निवडणूक आली, विश्वस्त बदलल्याचे अर्ज आले, आणि मग आणखी एक भांडण. निमंत्रक बाईंना विचारलं तर त्या म्हणतात, “खातं काढा. पण वही बंद करायची न्हाई.” पुढच्या हंगामाच्या सणाआधी निर्णय घ्यायचा आहे, आणि कुपवाडच्या पास्टरांनाही त्या बैठकीला बोलवायचं ठरलं आहे. त्यांच्याकडून अजून उत्तर आलेलं नाही.